कमरेची हौस

गोव्यातल्या आमच्या पेडण्यात कमरेला हत्यार लावून फिरणाऱ्या माणसाकडे कोणी वळूनही बघत नाही. नारळ पाडायला निघालेला पाडेली असो की काजीच्या बागेत राखणीला चाललेला म्हातारा, कमरेच्या दोरीला मागच्या बाजूने लाकडी आकडी बांधलेली असते आणि आकडीत कोयती अडकवलेली. पातं उघडं, धार चकाकती. तसाच तो बसमध्ये चढतो आणि कंडक्टर त्याला एवढंच सांगतो, "आत सर रे, मागची माणसां चडूची आसत." माडावर चढताना ती आकडी अंगाला लागत नाही, उतरताना कोयती निसटत नाही, आणि हात मागे नेला की मूठ नेमकी हातात येते. हत्यार बाळगायचं कसं, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांनी दोन वीत लाकडात मिटवून टाकलेला आहे.

आमच्या भाईंचा तो अजून मिटायचा आहे, कारण भाईंच्या कमरेला पिस्तूल आहे.

भाई माझे मावसभाऊ, राहायला डिचोलीला. स्वभावाने इतके मऊ की अंगणात नाग निघाला तर आधी त्याला "सर रे बाबा" म्हणून विनंती करतात. अशा माणसाकडे पिस्तूल आलं कसं, ते समजायला डिचोलीचे खाणींचे दिवस आठवावे लागतात. २०१२ च्या आधीची ती वर्षं. चीनला लोखंड हवं होतं आणि आमचे डोंगर ते द्यायला उतावीळ झाले होते. मये, शिरगाव, डिचोली, जिकडे बघाल तिकडे जेटीच्या दिशेने ट्रकांची रांग आणि तुळशीपासून वाळत घातलेल्या धोतरापर्यंत सगळ्यावर लाल धूळ. भाईंचेही त्या रांगेत काही टिपर होते. ड्रायव्हरांचे पगार, डिझेल, टायर, सगळे व्यवहार रोकडीत. शनिवारी संध्याकाळी भाई रेक्झिनची पिशवी छातीशी धरून असे चालत, की तिच्यात पैसे आहेत हे ज्याला ठाऊक नाही त्यालाही कळावं. मग कोणीतरी सुचवलं, "भाई, परवाना काढा."

स्वसंरक्षणाच्या परवान्याचा अर्ज म्हणजे आपण किती घाबरट आहोत हे सरकारला पटवून देण्याची लेखी परीक्षा. भाई तिच्यात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. पोलिसांनी शेजारीपाजारी चौकशी केली. शेजाऱ्यांनी सांगितलं, माणूस सरळ आहे, फक्त ट्रक आमच्या दारात लावतो. परवाना हातात आला, पिस्तूल घरात आलं, आणि २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्या बंद केल्या. मध्ये काही काळ सुरू होऊन २०१८ च्या मार्चमध्ये त्या पुन्हा थांबल्या. टिपर विकले गेले, रेक्झिनची पिशवी बुधवारच्या बाजाराला भाजी आणायला जाऊ लागली. उरलं ते पिस्तूल. आता तर मासेवालीही टोपलीला क्यूआर कोडचं कार्ड टेकवून बसते. मोबाइलमधल्या पैशांचं पिस्तुलाने रक्षण कसं करावं, ह्यावर शस्त्र कायदा काहीच बोलत नाही.

पिस्तूल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सिनेमातला इन्स्पेक्टर येत असेल तर थांबा. त्याच्या हातातलं नऊ मिलिमीटरचं असतं. ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, तुमच्या-आमच्या वाट्याला .३२. परदेशी बनावटीचं हवं असेल तर सामान्य परवानाधारकासाठी आयात ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. त्याआधी देशात आलेली जुनी पिस्तुलं ह्या हातातून त्या हातात फिरत राहतात आणि त्यांच्या किमती ऐकून माणूस पिस्तुलाआधीच गार होतो. तेव्हा राहिलं सरकारी कारखान्याचं. भाईंनी ते घेतलं. काळं, आटोपशीर, तळहातापेक्षा थोडंसं मोठं. वयनींनी, म्हणजे भाईंच्या बायकोने, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "इतलेंच?"

पुढे २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. बोअर .३२, टायटॅनियमचं, वजन अर्धा किलो, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये, आणि ते खास बायकांसाठी असल्याचं सांगण्यात आलं होतं. वयनींनी ती बातमी भाईंना मोठ्याने वाचून दाखवली. भाई खुलले. त्यांना वाटलं, घरात आता दुसरा सवंगडी मिळणार. वयनी म्हणाल्या, "एक लाख बावीस हजारांच्या पाटल्या केल्यो तर चोर येतलो तरी कित्याक ताचें कारण तरी जातलें." ह्या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. पाटल्याही झाल्या नाहीत, हा भाग वेगळा.

आता हौसेकडे वळू. रिकाम्या हाताला इंटरनेट लागलं की हौस जडतेच. भाई रात्री जेवण झालं की बाल्कावावर बसून परदेशी गृहस्थांचे व्हिडिओ बघतात. तिकडे छोटं पिस्तूल घेणं ही नुसती सुरुवात असते. मग त्याची स्लाइड खाचून घेतात, वर लाल ठिपक्याची दुर्बीण बसवतात, चाप बदलतात, नळी सोनेरी करतात, मुठीवर तापल्या सळीने टिंबटिंब उठवून पकड खरखरीत करतात. अमेरिकेत म्हणे पिस्तुलाचा सांगाडा, ज्याच्यावर नंबर कोरलेला असतो तो, तेवढाच कायद्याने शस्त्र; बाकीचे सुटे भाग आपण स्कूटरचे आरसे मागवतो तसे घरपोच येतात. दाढीवाले, धिप्पाड गृहस्थ एका चापाच्या गुळगुळीतपणावर पाऊण तास बोलतात. आमच्याकडे इतका वेळ फक्त माशांच्या ताजेपणावर दिला जातो.

भाईंनाही वाटलं, आपल्या पिस्तुलाला काहीतरी करावं. निदान मूठ. निदान रंग. त्यांनी १९५९ चा शस्त्र कायदा काढून वाचायला घेतला. कलम ५ वर आले आणि चष्मा पुसला. शस्त्र बनवणं, विकणं, बदलणं, दुरुस्त करणं, सगळ्याला वेगळा परवाना. कलम ६ तर परवान्याशिवाय नळी आखूड करण्याचा आणि नकली शस्त्राचं खरं करण्याचा विचारही मनात आणू नका म्हणतं. भाईंचा परवाना बाळगण्याचा; सुधारण्याचा नव्हे. तरीही खात्री करून घ्यावी म्हणून ते शस्त्रांच्या एका दुकानदाराकडे गेले. त्या वयस्क माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हटलं, "तूं स्क्रूड्रायव्हर हातांत घेतलो काय म्हजे कडेन येव नाका. वकिलाकडेन वच."

माझं मत विचाराल तर कायदा बरोबर आहे. मऊ माणसाच्या हातात स्क्रूड्रायव्हर आणि पिस्तूल दोन्ही एकाच वेळी असणं मला तरी बघवलं नसतं. भाईंनी पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त केला होता तेव्हापासून त्यांच्या दिवाणखान्यातला पंखा एकाच गतीने फिरतो, आणि तोही लाइट लावला तरच.

पण कायद्याने हौसेला एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. २०१६ चे शस्त्र नियम सांगतात, सार्वजनिक जागी शस्त्र नेताना ते होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत झाकलेलं हवं, परजत फिरायचं नाही. म्हणजे पिस्तुलाला हात लावायचा नाही, मात्र त्याचं कव्हर हवंच. भाईंनी ते वाक्य तीनदा वाचलं. परदेशी दाढीवाल्यांनी जेवढी बुद्धी स्लाइड, चाप आणि नळी मिळून खर्च केली होती, तेवढी सगळी भाईंनी एका कव्हरावर लावायचं ठरवलं.

पहिलं कव्हर नायलॉनचं, तयार आणलेलं, चेनचं. ते लावून भाई एका मुंजीला गेले. शर्ट बाहेर, खाली उजवीकडे एक चौकोनी फुगवटा. मला वाटत होतं लोक दबकून बाजूला होतील. झालं असं की यजमानांची आत्या सरळ जवळ आली, फुगवट्याकडे मायेने बघितलं आणि विचारलं, "भाई, शुगर कितली आयल्या?" त्या वयात कमरेला पाउच म्हणजे साखर मोजायचं मशीन, हे तिने गृहीतच धरलं होतं. मग तिने स्वतःच्या पाउचातून स्वतःचं मशीन काढून दाखवलं, कारल्याच्या रसाची कृती सांगितली, आणि पंगतीत भाईंच्या पानात मणगणं वाढू दिलं नाही.

पंगतीचं दुःख वेगळंच. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या कमरेला जागा किती असते ते पिस्तूल लावल्याशिवाय कळत नाही. उजवीकडे लावलं तर मांडीत रुततं, मागे लावलं तर पाठीच्या मणक्यावर, पुढे लावलं तर वाकून भात कालवताना नको तिथे. भाई शेवटी डाव्या कुशीवर कलून, एका हातावर रेलून जेवले. आग्रह करणाऱ्याने दुसऱ्यांदा भात आणला तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. पोट भरलं होतं म्हणून नव्हे, पुन्हा वाकायची ताकद नव्हती म्हणून. दशावताराला तर त्यांनी पिस्तूल घरी ठेवायलाच सुरुवात केली. रात्रभर चटईवर बसायचं, समोर राजा लाकडी तलवार उपसून गर्जना करतोय, आणि प्रेक्षकांतल्या एकमेव सशस्त्र माणसाला उठता-बसता येत नाही, हे काही खरं नाही.

तेव्हा दुसरं कव्हर. ह्या वेळी चामड्याचं, मापाचं, बाजारातल्या चांभाराकडून शिवून घ्यायचं ठरलं. पण मापाला पिस्तूल द्यायचं कसं? ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही हा नियम भाईंनी परवाना मिळाल्या दिवसापासून कडक पाळलेला. चांभाराच्या पेटीवर टाचा उखडलेल्या चपला, छत्र्या आणि मध्ये पिस्तूल, हे दृश्य त्यांना झेपेना. त्यावर तोडगा निघाला तो सावंतवाडीत.

सावंतवाडीची चितार आळी म्हणजे लाकडी खेळण्यांची आळी. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची केळी, आंबे, भाजीपाला, पोळपाट-लाटण्यासकट बाहुल्यांची भांडी, वर लाखेचे चकचकीत रंग. गंजिफाही तिथलीच. भाईंनी पुठ्ठ्यावर पिस्तुलाची बाह्यरेषा उतरवून घेतली, जाडीचं माप दोऱ्याने घेतलं, आणि तिथल्या एका कारागिराला सांगितलं, असं हुबेहूब लाकडाचं करून दे. कारागिराने विचारलं, "झिलाक खेळूक?" भाईंना होय म्हणणं सोपं वाटलं. तिथेच घोटाळा झाला.

आठवड्याने जाऊन बघतात तर पिस्तूल तयार. मापाला एकदम बरोबर, हातात घेतलं तर वजन मात्र शेवग्याच्या शेंगेचं. आणि रंग! नळीचा भाग लाल, त्यावर पिवळे पट्टे, मूठ हिरवी, मुठीच्या दोन्ही बाजूंना गंजिफाच्या पानावर असते तशी वेलबुट्टी आणि मध्ये कमळ. चापही पिवळा. पोराला खेळायला म्हटल्यावर कारागिराने मन लावून काम केलं होतं. खरं सांगतो, मी आजवर पाहिलेल्या पिस्तुलांत इतकं सुंदर पिस्तूल दुसरं नाही. परदेशी दाढीवाल्यांच्या सोनेरी नळ्या त्याच्यापुढे पितळी तांब्या.

त्यावर बेतून चांभाराने कव्हर शिवलं. जाड तपकिरी चामडं, दुहेरी शिवण, पितळी बटण, पट्ट्यात ओवायला मागे दोन चिरा. काम चोख. घरी आणून खरं पिस्तूल आत सोडलं तर ते आत खुळखुळायला लागलं. लाखेच्या थरांनी लाकडी पिस्तूल खऱ्यापेक्षा केसभर जाड झालं होतं आणि चामड्याने तो केस प्रामाणिकपणे मोजला होता. भाई चालू लागले की कमरेकडून बारीक टक-टक ऐकू यायची. मग वयनींनी जुन्या कुणबी साडीचा लाल चौकटीचा तुकडा आतून अस्तर म्हणून शिवून दिला. पिस्तूल बाहेर काढलं की काठाला तांबडी चौकट दिसे. शस्त्रापेक्षा ते शिदोरीचं गाठोडं उघडल्यासारखं वाटे, पण टक-टक थांबली.

जून लागला. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो सगळा आधी चामड्यात शिरतो. पंधरा दिवसांत कव्हरावर पांढरी बुरशी, आणि आतल्या पिस्तुलावर तांबूस ठिपके. चामडं दमटपणा शोषून धरतं, आणि पोलाद त्याला चिकटून बसलेलं असतं. शस्त्र साठवायचं असेल तर चामड्याच्या कव्हरात ठेवू नये, हे जाणकार पहिल्या दिवशी सांगतात. भाईंना ते त्या दुकानदाराने सांगितलंही होतं, पण त्या वेळी भाई बटण पितळी घ्यावं की निकेलचं ह्या विचारात होते. वयनी त्या ठिपक्यांना खोबरेल तेल लावायला निघाल्या होत्या. त्यांना वेळीच आवरलं. खोबरेल मागाहून चिकट होतं, आणि चिकट पिस्तूल हे चिकट माणसापेक्षा वाईट. शेवटी यंत्राचं तेल आणि मऊ फडकं. ओल शोषायला कोणीतरी तांदळाचा उपाय सुचवला. भाईंनी पिस्तूल रिकामं करून, फडक्यात गुंडाळून उकड्या तांदळाच्या डब्यात ठेवलं. सकाळी पेजेला तांदूळ काढायला वयनींनी शेर घातला तो टण्ण वाजला. नंतरचा संवाद लिहिण्यासारखा नाही. "एक तर हें, ना जाल्यार पेज," एवढाच निकाल मी देतो. आता पिस्तूल कुलपाच्या कपाटात असतं, आणि सोबतीला बुटांच्या खोक्यांतून आणि औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. पाहुणा नवे बूट घालून आला की भाई त्याच्या पायांकडे बघत खोक्याची चौकशी करतात.

हे सगळं पार पडतं न पडतं तोच निवडणूक येते. ही गोष्ट बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आचारसंहिता लागली की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, पूर्वी कलम १४४ खाली निघायचा, आता नव्या संहितेच्या १६३ खाली, आणि परवानाधारकांनी आपापली शस्त्रं पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची. परदेशी दाढीवाले ज्याला 'कॅरी' म्हणतात, ते आमच्याकडे ह्या एकाच वाटेवर होतं. भाईंचं पिस्तूल इतकी वर्षं मुख्यतः घरापासून ठाण्यापर्यंत आणि ठाण्यापासून घरापर्यंत फिरलेलं आहे. लोकसभा, विधानसभा, जिल्हा पंचायत; भाई पक्षांचे जाहीरनामे वाचत नाहीत, तारखा तेवढ्या वाचतात.

लाकडी पिस्तुलाचा इथे उपयोग झाला. पट्ट्यावर काही नसलं की भाईंना चुकल्यासारखं वाटतं, शर्ट नीट पडत नाही. म्हणून खरं जमा असतानाच्या काळात ते चामड्याच्या कव्हरात चितार आळीचं घालून हिंडू लागले. एका निवडणुकीत रात्री मी त्यांच्यासोबत गाडीत होतो. एका नाक्यावर भरारी पथकाने गाडी थांबवली. दारू बघितली, नव्हती. रोकड बघितली, दीडशे रुपये. मग बॅटरीचा उजेड भाईंच्या कमरेवर स्थिरावला. सगळे गंभीर झाले. "हात वर. कव्हर उघडा." कव्हर भाईंनी उघडायचं की शिपायाने, ह्यावर क्षणभर विचारविनिमय झाला, कारण भाईंचे हात वर होते. शिपायाने पितळी बटण काढलं. आतून कुणबी साडीच्या चौकटीतून लाल, पिवळं, हिरवं, कमळाचं पिस्तूल बाहेर आलं.

अधिकाऱ्याने ते दोन बोटांत धरून उलटसुलट केलं. एकाने विचारलं, लिहायचं काय? तपशिलाच्या रकान्यांत बनावट, बोअर, क्रमांक असं सगळं होतं. "बनावट सावंतवाडी," भाई हात वर ठेवूनच म्हणाले. बाकी दोन रकान्यांना उत्तर नव्हतं. शेवटी काहीच लिहिलं गेलं नाही. गाडी सोडताना अधिकारी खिडकीशी वाकले आणि हलक्या आवाजात विचारलं, "हें कोण करता तो? म्हज्या चेड्याक जाय आसलें." भाईंनी पत्ता दिला. पुठ्ठ्यावरचं मापही देऊ केलं, पण ते त्यांनी घेतलं नाही.

हौशी माणसाबद्दल लिहिलं, आता बिनहौशीबद्दल. पेडण्यात आमच्या घराला लागून आबांची काजीची बाग आहे. आबांकडे बंदूक आहे, वडिलांपासूनची, एकनळी, शेती राखणीच्या परवान्यावर. तिच्यावरही काम झालेलं आहे, पण आबांना त्याला हौस म्हणतात हे ठाऊक नाही. दस्ता तडकला म्हणून परवान्याच्या मिस्त्रीकडून नीट करून आणला. पट्टा तुटला म्हणून नवा लावला. पावसाची पिशवी मोडक्या छत्रीच्या कापडाची, तिला छत्रीचाच बंद. बाकी बंदूक खुंटीवर. तिने आबा कोणाला मारत नाहीत. माकड, गवा, मोर, सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या छत्राखाली. गवा तर राज्यप्राणी. बार आकाशात काढायचा, आवाजाने माकडं पळाली तर पळाली. पाच मिनिटांनी ती शेजारच्या बागेत, मग तिथला बार, मग परत इकडे. २०२५ च्या सप्टेंबरात दोडामार्गाकडून ओंकार नावाचा हत्ती मोप-तांबोसे बाजूला उतरला तेव्हा मात्र आबांनी बंदूक खुंटीवरून काढलीच नाही. "ताका ऐकू गेला आणि राग इलो तर?" एवढंच म्हणाले.

आणि तीच बंदूक ऐन हंगामात ठाण्यात असते. गोव्यात काजी फेब्रुवारी ते मे. २०१९ ची आचारसंहिता १० मार्चला लागली, मतदान २३ एप्रिलला, त्यातच मांद्रेची पोटनिवडणूक. २०२२ मध्ये विधानसभेसाठी आचारसंहिता ८ जानेवारीला, निकाल १० मार्चला. २०२४ मध्ये १६ मार्चला लागली, गोव्याचं मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला; आबांची बंदूक घरी आली तेव्हा काजी संपल्या होत्या, उर्राक पिऊन झाला होता आणि पाऊस दारात होता. आबा तिला गोधडीत गुंडाळून स्कूटरवर मागे बांधून नेतात आणि पावती सदऱ्याच्या आतल्या खिशात जपतात. ते निघाले की कुंपणावर माकडं बसलेली असतात. त्यांना मतदानाचा हक्क नसला तरी आचारसंहितेचा लाभ पुरेपूर मिळतो.

बंदूक नसताना गावातली पोरं दुसरा मार्ग काढतात: प्लास्टिकच्या पाइपची, कार्बाइडवर उडणारी घरगुती तोफ. आवाज दणदणीत, परवाना नको. ह्याबाबतीत मात्र मला विनोद सुचत नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिने शंभरावर माणसांच्या, बहुतेक मुलांच्या, डोळ्यांना इजा केली. तुमच्या वाडीत कोणाकडे असेल तर फेकून द्यायला लावा.

गोव्याच्या विधानसभेची मुदत २०२७ च्या मार्चमध्ये संपते. म्हणजे मतदान पुन्हा ऐन काजूच्या तोंडावर. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे शस्त्रं जमा करताना जिल्ह्यात छाननी समिती बसते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची नोंद असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, अशांकडे तिने आधी बघायचं असतं. नेमबाजीचे खेळाडू आणि बँकांचे पहारेकरी ह्यांना सूटही मिळते. जिल्हाधिकारी साहेबांना विनंती एवढीच, की त्या यादीत पेडणे-डिचोलीच्या शेती राखणीच्या बंदुकांचाही विचार व्हावा आणि आबांची बंदूक मेअखेरपर्यंत त्यांच्या खुंटीवर राहावी. भाईंच्या पिस्तुलाची घाई नाही. ते हवं तर निकालानंतरही थोडे दिवस ठेवून घ्यावं, असं वयनींनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.